टीव्हीत वाजलेला भोंगा

"आधी चढा, मग विचारा!"

पत्र्याच्या कर्ण्यातून आलेला हा आवाज खालच्या गल्लीत वाढलेल्या प्रत्येकाच्या कानात खोल कुठेतरी बसलेला होता. आईच्या अंगाईच्या जरा अलीकडे आणि शाळेच्या घंटेच्या जरा पलीकडे. वर्षातून एकदा, कोवळ्या सकाळी, आत्या तो कर्णा तोंडाला लावून गल्लीच्या मधोमध उभी राहायची. मग दूध उतू जावो की बाळ रडो, सगळी गल्ली उठायची आणि टेकडीवरच्या शाळेच्या मैदानाकडे निघायची. पोरांना पाठ व्हावं म्हणून आत्यानं गाणंही बांधलं होतं:

पहिला सूर भोंग्याचा, हातातलं टाका,
दुसरा सूर भोंग्याचा, म्हाताऱ्यांना हाका,
तिसरा सूर भोंग्याचा, मागं कोण पाहतो?
पाणी नाही पुसत बाई, कोण कुठं राहतो!

शिंप्याचा बाप मशीनच्या पायट्यावर ठेका धरून हे गाणं म्हणायचा, तेव्हा शिवण वाकडी यायची पण गाणं सरळ यायचं.

आत्या तशी एकट्या स्पीकरवाल्याची. लग्नांना, सभांना स्पीकर भाड्यानं देणारा तिचा सख्खा पुतण्या. पण एवढी आत्या एकाच घरात मावणार कशी? गल्लीनं ती वाटून घेतली होती. सत्तरीला टेकलेली बाई, डावा कान भोंग्यानं कधीच नेलेला, उजवा कान तिला हवं तेवढंच ऐकणारा.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी नदीवरचं मातीचं धरण फुटलं होतं. पलीकडच्या काठावरची शेकडो माणसं त्यात गेली. त्यांची नावं पुलाजवळच्या दगडावर कोरलेली आहेत आणि आत्या आजही तो दगड ओल्या फडक्यानं पुसून येते. खालच्या गल्लीतली एकशे त्र्याऐंशी माणसं मात्र पाणी यायच्या सतरा मिनिटं आधी वाजलेल्या भोंग्यावर टेकडी चढली आणि एकूण एक वाचली. पंपघरातला तो भोंगा चालवायला चोवीस वर्षांची आत्या होती. रोज बाराच्या ठोक्याला जेवणाचा छोटा भोंगा द्यायचा, आणि धोका असेल तर लांब, न थांबता. त्या दिवशी बारा वाजता लांब वाजला. वाजतच राहिला. पाणी कमरेला लागलं तरी पोरीनं दांडा सोडला नाही, असं गल्ली सांगत आली.

तिला आधीच कळलं कसं? कोणी म्हणे, तिला पाण्याचा वास आला. कोणी म्हणे, पाखरं उलटी उडताना दिसली. आत्याला विचारलं की ती म्हणायची, "गॅसवर काहीतरी ठेवलंय," आणि उठून जायची. लोक म्हणायचे, बघा, मोठेपणा मिरवत नाही.

आता मात्र त्या गोष्टीला गंज चढला होता. यंदाच्या सरावाला नऊ माणसं आली. त्यातली दोन तशीही टेकडीवर फिरायलाच निघाली होती.

"आत्या, धरण आता सिमेंटचं आहे हो," न्हावी म्हणाला. त्याचं दुकान गल्लीच्या अगदी तोंडाशी. "तुमच्या सरावापायी माझं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर उठून जातं. ते परत येत नाही."

"सिमेंटला काय, मरण नसतं?"

"असेल, पण माझ्या दुकानाला आधी येईल."

त्या दिवशी आत्या घरी येऊन पुतण्याला म्हणाली, "माझ्यामागं ही माणसं चढायची नाहीत रे. मी गेले की गेलंच सगळं. पाणी येईल आणि हे टीव्ही बघत बसतील."

पुतण्याला ते लागलं. आत्याला काय हवं होतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. ना सत्कार, ना हार. फक्त भोंगा वाजला की गल्लीनं चढावं.

आणि नेमका तेव्हाच टीव्हीवर त्या धरणाचा माहितीपट लागणार असल्याचं कळलं. सहा महिन्यांपूर्वी कॅमेरेवाले येऊन आत्याची मुलाखत घेऊन गेले होते. पुतण्याला वाटलं, देव पावला. गल्लीनं हे एकदा पाहिलं की पुढच्या सरावाला मैदान अपुरं पडेल.

रविवारी संध्याकाळी पाचला कार्यक्रम. आत्याच्या पुढच्या खोलीत शिंपी, बेकरीवाला, मास्तरीणबाई आणि आणखी वीसेक माणसं कोंबून बसली. मागच्यांनाही दिसावं म्हणून जड कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून आडवं लावलं होतं. टीव्ही त्याच्यावर, आणि टीव्हीचा सेट-टॉप डबा कपाटामागच्या फळीवर. आत्या मधोमध हाताच्या खुर्चीत.

"पण जे अंथरुणाला खिळलेत, त्यांचं काय?" पुतण्याला प्रश्न पडला. "आणि जे येणारच नाहीत, त्यांचं?"

मग त्यानं त्याच्या धंद्याला शोभेल असं काम केलं. छतावर दोन मोठे कर्णे चढवले, एकाचं तोंड गल्लीच्या वरच्या टोकाला, एकाचं खालच्या. डब्यातून वायर काढून थेट कर्ण्यांना जोडली. आत टीव्ही कितीही हळू ठेवा, बाहेर गल्लीला शब्द न् शब्द ऐकू जाणार.

"जास्त नाही ना होणार आवाज?" त्याच्या बायकोनं विचारलं.

"अगं, आत्याच्या कार्यक्रमाला जास्त काय नि कमी काय!"

कार्यक्रम सुरू झाला. पडद्यावर काळोख, विजा, धो धो पाऊस. भारदस्त आवाज म्हणाला, "ती एक भयाण रात्र होती..."

"रात्र कुठली?" आत्या म्हणाली. "भर दुपार होती. ऊन एवढं, की पंपघराच्या पायरीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता."

"आत्या, रात्र बरी दिसते टीव्हीवर," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मग एक नटी आली. मोकळे केस वाऱ्यावर, ओठ घट्ट मिटलेले, नजर क्षितिजावर. दोन्ही हातांनी दांडा छातीशी धरून उभी.

"हिला कामावर घेतलं कोणी?" आत्या उसळली. "केस बांध गं बाई, शेजारी पंपाचा पट्टा फिरतोय! डोक्याची चामडी जाईल! आणि दांडा असा धरतात? हे काय बाळ आहे का?"

सगळे हसले, पण हसता हसता ताठ बसले. आपल्या गल्लीवर सिनेमा झालाय ही काही लहान गोष्ट नव्हती. बेकरीवाल्यानं शिंप्याच्या मांडीवर थाप मारली. "ते बघ, ते आपलं छत!" ते दुसऱ्याच कुठल्यातरी गावातलं छत होतं, पण शिंप्यानं मान डोलावली.

मग खरी आत्या दिसली. ह्याच खुर्चीत, अंगावर ठेवणीतला स्वेटर. मुलाखत घेणारी मुलगी विचारत होती, "आजी, तुम्हाला कसं कळलं हो, पाणी येणार म्हणून?"

पडद्यावरची आत्या खाली बघत राहिली. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. कॅमेरा तिच्या डोळ्यांजवळ गेला. मागून व्हायोलिन रडायला लागलं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "दांडा माझ्या हातात होता. पुढचं तुम्हीच लावून घ्या."

खोलीत मास्तरीणबाईंनी नाक पुसलं. "ह्याला म्हणतात संयम," त्या म्हणाल्या.

खुर्चीतली आत्या मात्र का कोण जाणे, पडद्याकडे न बघता स्वेटरचं बटण पिळत बसली होती.

"त्या दिवशी तो भोंगा सतरा मिनिटं वाजला," भारदस्त आवाज म्हणाला. "जे गेले त्यांच्यासाठी, आणि जे चढले त्यांच्यासाठी, आता फक्त तो भोंगा ऐका, पुरती सतरा मिनिटं." पडदा काळा झाला. चित्र नाही, अक्षर नाही, व्हायोलिन नाही. दिग्दर्शक कलावंत असावा. त्यानं कुठल्यातरी दफ्तरातून त्या जुन्या भोंग्याचा खराखुरा आवाज मिळवला होता, आणि तो आता टीव्हीतून कमी व छतावरच्या कर्ण्यांतून जास्त, असा निघाला.

आधी घशातली खरखर. मग पोटातून उठलेला हुंकार. मग तो लांबलचक, न थांबणारा सूर, गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरत गेलेला.

गल्लीत जे टीव्ही बघायला आले नव्हते, त्यांना ही कला काही समजली नाही. त्यांना भोंगा समजला.

सगळ्यांत पहिला न्हावी पळाला. त्याच्यामागे त्याचं गिऱ्हाईक, गळ्याला पांढरं फडकं, एक गाल फेसाचा आणि एक गाल मोकळा. मग धोबी धावला, इस्त्रीचा प्लग आधी काढून, कारण तो आत्याचा नियम क्रमांक दोन होता. मग दारं धडाधड उघडली आणि उघडीच राहिली. तो नियम क्रमांक चार. कोणी आजोबांना पाठीवर घेतलं, कोणी आंघोळीतून टॉवेलवर आलं. जी माणसं सरावाला नाही नाही म्हणत होती त्यांच्या पायांना टेकडीची वाट डोळे मिटून ठाऊक होती. तोंडं विसरली होती, पावलं विसरली नव्हती.

खोलीतल्या माणसांनी खिडकीतून हे बघितलं.

"हे का पळतायत?" शिंप्यानं विचारलं.

"टीव्हीवरचा भोंगा ऐकून," बेकरीवाला म्हणाला.

"अरे पण टीव्ही तर बंद पडलाय! पडदा बघ, काळा!"

छतावरचे कर्णे पुतण्याला एकट्यालाच आठवले. त्यानं झडप घालून टीव्हीचं बटण दाबलं. टीव्हीचा छोटा लाल दिवासुद्धा विझला.

भोंगा चालूच. उलट टीव्हीचा आवाज गेल्यामुळे बाहेरचा जास्तच खणखणीत.

मग मास्तरीणबाईंनी पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या आवाजात जाहीर केलं, "टीव्ही बंद आहे. भोंगा चालू आहे. म्हणजे भोंगा खरा आहे. उठा!"

"अहो नाही, डब्यातून येतोय तो! थांबा!" पुतण्या ओरडला आणि वायर उपटायला कपाटामागे शिरला. तेवढ्यात वीस माणसं एकदम दाराकडे वळली, कोणाचा तरी खांदा कपाटाला लागला, आणि ते भिंतीला जाऊन टेकलं. पुतण्या आत. भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा सपाट.

"खाली बसा रे!" आत्या खुर्चीतून ओरडत होती. "आपला जुना भोंगा आहे हा! बारा वर्षांपूर्वी भंगारात गेलाय तो! भंगारातून कसा वाजेल? खोटा आहे!"

शिंपी आणि बेकरीवाल्यानं एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही नियम क्रमांक सात एकाच वेळी आठवला. तो आत्यानंच त्यांना ते अर्ध्या चड्डीत असताना शिकवला होता: जो कोणी "काही नाही हो, खोटं आहे" म्हणत बसेल, त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याला आधी उचलायचं.

त्यांनी आत्याला खुर्चीसकट उचललं.

"ठेवा मला! ठेवा म्हणते ना!"

"वर गेल्यावर, आत्या."

"अरे गाढवांनो, मला कळत नाही का माझा भोंगा?"

"कळतो हो. पण नियमात भोंगा कळणाऱ्यांना सूट नाही," बेकरीवाला धापा टाकत म्हणाला.

नियम तिनंच केला होता आणि चांगला केला होता. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले. चढणीवर खुर्ची मागे कलायची तेव्हा तिला आभाळ दिसायचं, पुढे कलायची तेव्हा माणसं. सगळी तिची माणसं. कडेवरची, पाठीवरची, हात धरलेली, हात सोडलेल्याला शोधणारी. तान्ह्या बाळाला घेऊन एक पोरगी धापा टाकत होती तर मागच्यानं न विचारता बाळ घेतलं, त्याच्या मागच्यानं त्याची पिशवी घेतली. आत्या ओरडायचं विसरली.

मैदानावर पोचल्यावर मास्तरीणबाईंनी यादी काढली. यादी त्यांच्या पर्समध्ये कायम असायची. चष्मा कधी कधी नसायचा. जिना जिना, घर घर, नाव नाव. शिंप्यानं घड्याळ बघितलं.

"अकरा मिनिटं," तो म्हणाला आणि त्याचा त्यालाच विश्वास बसेना. "पहिल्या सुरापासून शेवटच्या माणसापर्यंत अकरा."

"दोनशे बारापैकी दोनशे अकरा," मास्तरीणबाईंनी वाचलं. "एक कमी. कोण नाही?"

पुतण्याची बायको गर्दीत मान उंच करून बघत होती. "अगंबाई," ती म्हणाली, "आमचेच हे राहिले खाली!"

"मी जातो," न्हावी म्हणाला. हातात वस्तरा तसाच.

"कुठं जाता?" ती त्याच्यासमोर आडवी झाली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ठाम. "परत खाली कोणी जायचं नाही. नियम पाच. ते असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं."

खाली रिकामी घरं, उघडी दारं, आणि त्यांच्यावरून वाहणारा तो सूर. सगळे नदीकडे डोळे लावून उभे. नदी आपली नेहमीसारखी, उन्हं उतरलेली, एका जागी चार बदकं.

मग भोंगा थांबला. आणि रिकाम्या गल्लीवरून, टेकडीच्या माथ्यापर्यंत, गोड आवाजात एक बाई गायला लागली:

"डाग कितीही हट्टी असो, एकाच धुण्यात जाई..."

दोनशे अकरा माणसं साबणाची जाहिरात शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली.

"टीव्ही," धोबी हळूच म्हणाला.

"टीव्ही!" न्हाव्याच्या गिऱ्हाइकानं गालावरचा वाळलेला फेस चाचपला.

मग एकच गलका उठला. कोणाचं दूध करपलं होतं, कोणाचा गुडघा सुजला होता. टॉवेलवर आलेल्या गृहस्थांना आता वाऱ्याची जाणीव झाली. तेवढ्यात बंबाची घंटा घणघणली आणि लाल बंब मैदानात शिरला. अग्निशमनाचे साहेब उडी मारून उतरले. कोणीतरी फोन केला होता की खालची गल्ली टेकडीवर पळतेय.

"कोणी वाजवला भोंगा?" त्यांनी वही काढली. "विनापरवानगी धोक्याचा इशारा? गंमत आहे का ही? सामान जप्त करीन!" मग त्यांनी मैदानाकडे बघितलं, म्हाताऱ्यांना सावलीत बसवलेलं, पोरांना रांगेत धरलेलं, यादीवर खुणा केलेल्या. त्यांचा आवाज जरा उतरला. "आणि... किती वेळ लागला म्हणालात?"

"अकरा मिनिटं," शिंपी म्हणाला.

"आमच्या सरावाला पाऊण तास लागतो," साहेब पुटपुटले, पण ते त्यांनी वहीत लिहिलं नाही.

तेवढ्यात पुतण्या चढणीवर दिसला. केसांत जाळी, कपाळावर टेंगूळ, हातात तुटलेली वायर. त्याची बायको पळत गेली, त्याला आधी मिठी मारली आणि मग दंडावर फटका.

"हाच तो!" न्हावी गरजला. "ह्याच्याच कर्ण्यांतून वाजला! अरे, वाजतोय हे दिसत होतं ना तुला? मग चालू कशाला ठेवलास?"

"मी चालू नव्हता ठेवला!" पुतण्या रडकुंडीला आला होता. "मी बंद करत होतो! कपाटामागं अडकलो. एक वायर ओढली तर पंखा गेला, दुसरी ओढली तर दिवा गेला. हाताला डबाच लागेना. शपथ घेऊन सांगतो, मी बंदच करत होतो!"

"हो हो! म्हणे बंद करत होतो! चांगली सतरा मिनिटं!"

"आत्याचा कार्यक्रम गाजायला हवा होता ह्याला," कोणीतरी मागून म्हणालं. "गाजला!"

लोक हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. न्हाव्यानं वस्तरा मिटला आणि आत्याच्या खुर्चीसमोर येऊन उभा राहिला. "राग मानू नका आत्या, पण आज सांगून टाकतो. हे शेवटचं. खोट्या भोंग्यावर माणूस एकदा पळतो. आता पुढच्या वेळी वाजला ना, तरी मी उठायचा नाही. बसल्या जागेवरून हलायचा नाही."

"मीसुद्धा नाही," धोबी म्हणाला.

"आधी चौकशी करू, मग ठरवू," टॉवेलवाले म्हणाले. माना हलायला लागल्या, एक, दोन, दहा. वाऱ्यानं गवत एका बाजूला झुकावं तशा.

आत्या बघत होती. पंचेचाळीस वर्षं चढवलेली गल्ली तिच्या डोळ्यांदेखत टेकडी उतरत होती, आणि ह्यावेळी उतरली की पुन्हा चढणार नव्हती. पुतण्या वायर हातात घेऊन मान खाली घालून उभा. साहेबांनी वहीचं कोरं पान उलटलं.

"त्याचं नाव नका लिहू," आत्या म्हणाली. "तो खरं बोलतोय."

"तुम्हाला काय ठाऊक आत्या?" न्हावी म्हणाला. "तुम्ही तर खुर्चीत होतात."

"मला ठाऊक आहे." ती शिंप्याचा हात धरून उभी राहिली. "भोंगा बंद करणारा माणूस कसा दिसतो ते मला ठाऊक आहे. तसंच टेंगूळ होतं मला."

कोणाला काही कळेना.

"त्या दिवशी बारा वाजता मी जेवणाचा भोंगा दिला," आत्या म्हणाली. आवाज कर्ण्यातला नव्हता, साधा होता, म्हणून सगळे पुढे सरकले. "छोटाच. आणि दांडा अडकला. दर बुधवारी त्याला तेल घालायचं असतं. नोकरीला लागून अठरा दिवस झाले होते मला, मी विसरले होते. वर गेलेला दांडा खालीच येईना. लांब वाजायला लागला, धोक्याचा. तुम्ही म्हणता, पोरीनं दांडा सोडला नाही. अरे, तो मला सुटत नव्हता! दोन्ही हातांनी लोंबकळले, लाथा घातल्या, डोकं आपटलं, रडले. खिडकीतून दिसत होतं, ही गल्ली टेकडी चढतेय. पोरं काखेत, म्हातारी पाठीवर. आणि मी मनात म्हणत होते, आता हे सगळे खाली येणार आणि मला धोपटणार. माझी नोकरी गेली. पाणी मला दिसलंच नाही. पायाला गार लागलं, तेव्हा कळलं."

साहेबांचं पेन हवेतच राहिलं. मास्तरीणबाईंनी चष्मा काढून पुन्हा लावला.

"मला काही वास आला नाही की पाखरं दिसली नाहीत. नुसतं नशीब. म्हणून तर दरवर्षी तुमच्या मागं लागले. नशीब एकदा आलं, परत येईल असं कोणी लिहून दिलंय? सांगायची लाज वाटली. वाटलं, भोंगा चुकून वाजला होता हे कळलं तर ही माणसं चढायची थांबतील. आणि आज तुम्ही तेच म्हणताय, म्हणून सांगते." ती पुतण्याच्या जवळ गेली, त्याच्या केसांतली जाळी काढली. मग न्हाव्याकडे वळली. डोळे भरलेले, पण मान अशी ताठ, जशी त्या नटीलाही जमली नव्हती.

"तुझ्या आईला आठवा महिना होता. तू पोटात होतास. ही टेकडी चढताना ती तीनदा बसली आणि तीनदा उठली. खोट्या भोंग्यावर चढली रे ती, न विचारता. म्हणून तर तू आज इथं उभा राहून मला सांगू शकतोयस, की पुढच्या वेळी तू उठणार नाहीस."